मोजणीची शेळी

आमच्या व्रबोव्निकात, स्लोव्हाकियाच्या पूर्वेच्या टोकाला,
दुकानाबाहेर एक फलक आहे.
त्यावर मेलेल्यांची पत्रकं लागतात:
काळी चौकट, नाव, वय, दफन किती वाजता.
पाव घ्यायला आलेला माणूस आधी तिथे थांबतो,
आपलं नाव नाही ना, तेवढं बघून घेतो
आणि मग रांगेत लागतो.

त्याच फलकावर मार्चमध्ये मी यादी लावली.
अठ्ठावीस वर्षं गावाचं ग्रंथालय सांभाळलं,
टाचण्या अजून संपलेल्या नाहीत.
यादी चोरलेली नाही, सरकारच देतं:
शेतीचं अनुदान कुणाला, कशापोटी, किती.
आमच्या तालुक्याची सात पानं.
अक्षर मुंगीएवढं, म्हणून मोठं करून छापलं.
दुकानातली झ्लातिका म्हणाली,
ओतिलिया, काळी चौकट राहिली की गं.

पहिल्या ओळीत एक कंपनी.
पत्ता राजधानीतला, तिसरा मजला.
ओढ्यापलीकडची कुरणं तिच्या नावावर,
जी माझा नवरा लांब दांड्याच्या विळ्याने कापायचा
आणि कापता कापता शीळ घालायचा, बेसूर.
आकडा एवढा लांब
की व्हेंदेलीनने तो बोट ठेवून वाचला
आणि शून्यांवरून घसरत बोट कागदाबाहेर गेलं.

मी फोन लावला.
बाईचा आवाज तरुण, सर्दी झालेला.
कुठलं कुरण म्हणालात?
म्हटलं, जिथे मे महिन्यात करकोचे उतरतात ते.
कागद चाळल्याचा आवाज आला.
असं आमच्या नोंदीत काही नाही, म्हणाली.

आणि पाचव्या पानावर व्हेंदेलीन स्वतः.
शेळ्या: अकरा.

त्यातल्या सात लांडग्यांनी नेल्या,
दोन धाकटीच्या लग्नात शिजल्या,
एक अशीच, थंडीत, आडवी झाली.
उरली ती एकशिंगी. तिला सगळे बॅरोनेस म्हणतात.
तपासनीस येतो त्या दिवशी बॅरोनेसला फार काम.
अंगणात मोजली जाते, मग गोठ्यात,
मग चर्चमागच्या उतारावर, थोडी दमलेली.
मधल्या वेळात साहेबांपुढे आलुबुखारची दारू,
आणि दुसऱ्या पेल्यानंतर साहेब शिंगं मोजत नाहीत.

तर यादी लागली.
तिसऱ्या मजल्याबद्दल रांगेत कुणी चकार शब्द काढला नाही.
तिसऱ्या मजल्याला तोंड नाही, शिवी कुणाला द्यायची?
व्हेंदेलीनला मात्र तोंड आहे,
मिशा आहेत, आणि सकाळी आठला तो पाव घेतो.
काय रे, अकरावी कशी आहे?
शाळेची पोरं त्याच्यामागे बें-बें करत गेली.
गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारीही.
उजेड मी पहिल्या ओळीसाठी लावला होता,
पडला पाचव्या पानावर.

शनिवारी अंधार पडल्यावर निघाले,
टाचण्या काढायच्या म्हणून.
फलकापाशी कुणीतरी बॅटरी धरून उभं.
वाटलं, पान फाडतोय. फाडत नव्हता.
त्याने अकरावर रेघ मारली होती,
शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: एक.
आणि खाली, लहान अक्षरात: म्हातारी.

मी काहीच बोलले नाही. पेन्सिल मागितली.
कारण उतारावर तिला हाकलत कोण न्यायचं?
माझ्याच परसातून, माझ्याच दाराने,
दोन्ही वर्षं, हातात कोबीचं पान धरून.
लिहिलं तेही, सहीसकट.

मग दोघं पहिल्या ओळीसमोर उभे राहिलो.
तिच्या शेजारी कोरी जागा भरपूर होती.
व्हेंदेलीन म्हणाला,
आपली मोजून झाली. आता त्यांची मोजायची.
कोण मोजणार?
बॅरोनेस. तिला सवय आहे.

राजधानीची बस पहाटे पावणेपाचला सुटते.
शेळीला तिकीट पूर्ण लागतं की अर्धं,
ड्रायव्हरला विचारलंय.
तो वर विचारून सांगणार आहे.